लढाईआधीची न्याहारी

एकदा एका वृद्ध संकलकाकडे, म्हणजे चित्रपटाची कात्री ज्याच्या हाती असते अशा जाणत्या माणसाकडे, त्याचा शिष्य खाली मान घालून आला. शिष्याचे नाव विश्राम. उमेदीची वर्षे खर्चून त्याने एका गडाच्या वेढ्यावर भव्य ऐतिहासिक चित्रपट काढला होता. ‘फार लांबला’ म्हणून निर्मात्याने तो मनसोक्त छाटला आणि चित्रपट साफ आपटला. आता विस्तारित आवृत्तीचा एकच खेळ लावायला एक थिएटरमालक कसाबसा तयार झाला होता. तोही पडला, तर विश्राम हे क्षेत्र कायमचे सोडणार होता.

“बापू, लढाई दुप्पट करू,” तो म्हणाला. “हत्ती, तोफा, सगळं चित्रण पडून आहे. भव्यताच कमी पडली हो!”

बापूंनी सगळे चित्रण शांतपणे पाहिले आणि लढाईचे तुकडे बाजूला ठेवायला लावले. मग विचारले, “निर्मात्याची कात्री सर्वांत आधी कुठं चालली?”

“शिपायांच्या न्याहारीवर. तिथं काही घडतच नाही ना!”

“ती घाल. लढाईत मात्र काडीचाही बदल करायचा नाही.”

विश्रामने कपाळाला हात लावला. म्हातारचळ तर लागला नाही ना, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण गुरूचा शब्द मोडायचा कसा?

आता ती न्याहारी ती काय! चढाईआधी शिपाई कांदा-भाकर खात बसलेत. धोंडजी नावाचा बुजुर्ग तरण्या सखोजीला छेडतो, “लेका, सासुरवाडीच्या वहाणा घालून गड चढतोस? घसरलास तर सासऱ्याचं नाक कापलं जाईल!” सगळे खदाखदा हसतात. सखोजी लाजतो. बस्स, एवढेच.

खेळ लागला. तटावर सखोजी कोसळला. पूर्वी याच जागी लोक मोबाइल काढून बसत, आज एक बाई मोठ्याने म्हणाली, “अगं बाई, सखोजी गेला!” धोंडजी दात-ओठ खात पुढे घुसला, तशी मागून आरोळी आली, “सोडू नको, धोंडजी!” आणि गडावर निशाण चढले तेव्हा अख्खे थिएटर उभे राहिले. टाळ्या थांबेनात. मालक धावत आला, “उद्यापासून रोज लावतो!”

विश्रामचे डोळे भरून आले. “बापू, लढाई तर तीच होती!”

“तीच. पण लढणारे आता परके नव्हते. अरे, ज्याची ओळखच नाही, त्याचं सुतक कोण पाळणार? आणि ज्याच्यासाठी जीव तुटला नाही, त्याच्या विजयाला टाळी येणार कुठून?”

इतक्यात एक आजोबा बाहेर जाता जाता थबकले आणि विश्रामला म्हणाले, “साहेब, त्या सखोजीच्या घरी मागं कोण कोण होतं हो?”

विश्रामला उत्तर ठाऊक नव्हते, पण असा आनंद त्याला आजवर कशानेच झाला नव्हता.

मंडळी, मुलांना इतिहास सांगताना जय-पराजयाच्या आधी ती न्याहारी तेवढी सांगा.