सवतमाळावरचा दगडी गोल

आमच्या गावाच्या उत्तरेला सवतमाळ नावाचा एक उघडा माळ आहे. त्यावर कमरेएवढ्या उंचीचा, दगडावर दगड रचलेला एक गोल आहे. एक माणूस नि एक मेंढरू जेमतेम मावेल एवढा. आम्हा धनगरांचे कळप दरसाल माळावर बसतात, पण त्या गोलात कोणी मेंढरू कोंडत नाही. माझ्या माहेरची माणसं आली तेव्हा दादाने कारण विचारलं. यजमानांच्या आत्या, ठकूबाई, तिथेच दगडाला टेकून बसल्या आणि सांगू लागल्या.

म्हणे, फार पूर्वी इथे धुळाप्पा नावाचा धनगर होता. कातर चालवावी तर त्यानेच. कातड्यावर ओरखडा न उमटता लोकर अशी उतरायची, जणू मेंढीने अंगरखाच काढून ठेवला. कळपात त्याची काजळी नावाची काळी मेंढी होती. तिला कातरताना तो तिच्याशी सारखा बोलायचा. घरी आला की गप्प. त्याची बायको कोंडाई ती लोकर पिंजायची, सूत काढायची. त्या सुताची घोंगडी विणून आली की धुळाप्पा ती पांघरून मेंढरांत झोपायला जायचा. पाणवठ्यावर बाया विचारायच्या, "काय गं कोंडाई, सवत बरी हाय न्हवं?"

कोंडाई हसायची आणि घागर जरा जोरात आपटायची.

एका पौषात धुळाप्पा भावकीच्या कार्याला परगावी निघाला. जाताना म्हणाला, "काजळीला जप." एवढंच. तो दिसेनासा झाला तशी कोंडाईने कातर उचलली आणि काजळीला बोडकी केली. फाल्गुनात ऊन तापल्याशिवाय मेंढरू कातरायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. "पर तिला कुठला म्हैना सुचतोय," ठकूबाई म्हणाल्या.

काजळीने पाय झाडले नाहीत. कोंडाईच्या मांडीवर मान टाकून पडून राहिली. मग माळावरचं वारं सुटलं आणि ती कुडकुडू लागली. लोकरीचा ढीग शेजारीच होता, पण उतरलेली लोकर परत चढवता येत नाही. ही मेली तर धुळाप्पा आपलं तोंड पाहणार नाही, एवढं कोंडाईला कळलं. तिने आपली घोंगडी तिच्यावर टाकली. वारं ती उडवून नेऊ लागलं. तेव्हा दिवसभर दगड वाहून तिने भोवती हा गोल रचला आणि मेंढीला पोटाशी धरून आत बसली. तीन दिवस पाणवठ्यावरच्या त्याच बायांनी तिला भाकरी आणून दिली. त्या तीन दिवसांत वारं गोलाला वळसा घालून जायचं, असं सांगतात. मी आत उभी राहून पाहिलंय. आता तरी वारं चांगलंच झोंबतं.

चौथ्या दिवशी धुळाप्पा आला. बाहेरूनच त्याने हाक मारली, "काजळे." मेंढीने कान टवकारले आणि मान पुन्हा कोंडाईच्या मांडीवर टाकली.

"माझी मेंढी फितवलीस," तो म्हणाला.

"तीन दिस मी गारठ्यात बसले," कोंडाई म्हणाली, "आणि तुमी पयलं नाव तिचं घेतलं."

तो दगडांच्या बाहेर तसाच बसून राहिला, आणि आत दोघी. बघणाऱ्यांना म्हणे कळेना, आता सवत कोणाला आली.

फाल्गुन आला. धुळाप्पाने कातर परजली, पण काजळी त्याच्या हाताखाली उभी राहीना. गोड बोलून झालं, मीठ चाटवून झालं. शेवटी त्याला घरी जाऊन सांगावं लागलं, "कोंडाई, जरा येतीस का?" तिचं नाव त्याने घेतलेलं गावाने तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तिने मान धरली, त्याने लोकर उतरवली. त्या गोलात कोंडलेलं मेंढरू धन्याचं राहत नाही म्हणतात, म्हणून तो रिकामाच.

आजही आमच्याकडे वर्षाची पहिली मेंढी घरधनीण मान धरून बसल्याशिवाय कातरत नाहीत. ती माहेरी गेली असेल तर कातर थांबते. यंदा माझी पहिली खेप होती. मी मेंढीची मान धरून बसले; यजमान लोकर उतरवता उतरवता तिच्या कानाशी काहीबाही पुटपुटत होते. लग्नाला पाच महिने झाले, इतकं ते माझ्याशी बोलले नव्हते.

मी मान जरा घट्टच धरली.