चांगुणा वैदीण आणि आजारी तळं

एक होता राजा, भारी संशयी. इतका, की झोपायच्या आधी उशी उलटीपालटी करून बघायचा, बरं का. राणी हसली तरी त्याला वाटायचं, ही का हसली?

त्याच्या नगरात एक तळं होतं. तळ्याभोवती भिंत, भिंतीला एकच दार, आणि त्या दाराची किल्ली असायची वैदिणीकडे. राजाकडे नाही हं! पाणी चांगलं तोवर तिनं दार उघडं ठेवायचं, बिघडलं की लावायचं. आणि वैदीण कोण, ते नगरातल्या सगळ्या आळ्यांतल्या लोकांनी मिळून ठरवायचं. अशी जुनी रीत. तेव्हाची वैदीण होती चांगुणा. बोलायला जरा कडकच.

एकदा काय झालं, चांगुणा सकाळी पाणी बघायला गेली, तर पायरीवर आसरा बसलेली. आसरा म्हणजे पाण्यातली बाई, तळं राखणारी. केस ओले आणि ओठ जांभळे पडलेले.

"चांगुणे, पोटात फार कळा येतात गं," आसरा म्हणाली.

चांगुणानं नाडी धरली. नाडी नुसती धावत होती. पण ही आसराच कशावरून? चांगुणाच्या मनात आलंच. खरी असली तर तळ्याचं पाणीही बिघडलेलं असणार. मग तिनं पांढरं फडकं पाण्यात बुडवलं. फडकं जांभळं झालं! मग ती ओढ्याच्या काठानं वर वर गेली. वर होता राजाच्या मेव्हण्याचा, हैबतरावाचा, रंगाचा कारखाना. तिथं राजाचे शेले रंगवायचे आणि रंगाचं पाणी ओढ्यात सोडायचे. ओढा येतो तळ्यात. आणि इकडे कुंभार आळीत मुलं पोट धरून लोळत होती.

चांगुणानं दाराला कुलूप घातलं.

आता पाण्याला लांब नदीवर जावं लागे. बायका कुरकुरल्या. हैबतराव राजाच्या कानाला लागला, "दाजी, हिला शेजारच्या राजाची फूस आहे." झालं! राजाला तेवढंच पुरे.

मग राजानं काय केलं, तिला हातात घालायला सोन्याचे गोठ पाठवले. निरोप असा, की 'पाणी चांगलं आहे' एवढंच म्हण. चांगुणानं गोठ परत धाडले. राजाला वाटलं, हिला तिकडून जास्त मिळत असणार.

मग त्यानं तिच्या दारात हेर बसवले. ती कुणाशी बोलते, कुठं जाते, सगळं बघायचे. आजारी मुलांच्या आया मागच्या दारानं यायला लागल्या. चांगुणालाही भीती वाटायची, बरं का. भाकरीत कुणी काही घातलं असलं तर? पण कुलूप तिनं काढलं नाही.

मग राजा स्वतःच आला, शिपाई घेऊन. सगळं नगर जमलं.

"किल्ली दे!"

"महाराज, ही आळ्यांनी दिलीय. त्यांनी मागितली तर आत्ता देते."

मग कुंभार आळीतली गोजरा पुढं आली. "माझा लेक अजून उठून बसत नाही. आम्ही नाही मागत किल्ली," ती म्हणाली. मग दुसरी आळी तेच म्हणाली. मग तिसरी. मग सगळ्याच.

राजा संतापला. "धरा हिला!"

"धरा," चांगुणा म्हणाली. "पण महाराज, संशय घ्यायचा तर माझ्या एकटीचाच का? तुमच्या मेव्हण्यांचाही घ्या थोडा."

तेवढ्यात भिंतीपलीकडं पाणी खळबळलं. आसरा भिंतीवर येऊन बसली. हातात तळ्याच्या पाण्यानं भरलेला तांब्या. तो तिनं हैबतरावापुढं धरला.

राजानं मेव्हण्याकडं तिरकं बघितलं. "पी."

"दाजी, आत्ताच पोटभर जेवलोय."

"एकच घोट घे."

"आज माझा उपास आहे, दाजी!"

"आत्ताच जेवलास ना?"

हैबतरावाला घाम फुटला. तांब्याला त्यानं हात लावला नाही. सगळ्यांनी बघितलं. राजानंही.

मग कारखाना बंद झाला. चांगुणानं ओढा साफ करून घेतला, आसरेला काढे पाजले. फडकं पांढरंच निघालं, तेव्हा कुठं कुलूप काढलं. गोजराचा लेक उठून अंगणात हुंदडायला लागला.

मग राजा चांगुणावर विश्वास ठेवायला लागला का? छे! जन्मभर नाही. पण किल्ली मात्र त्यानं पुन्हा कधी मागितली नाही. चांगुणा म्हातारी झाल्यावर आळ्यांनी दुसरी वैदीण निवडली, आणि नगर सुखात राहिलं.

चला, घ्या पांघरूण आणि मिटा डोळे. आता कुणाचा आवाज नको.