सुईणीच्या घरचं बोलावणं

फार फार पूर्वी, एका गावाहून दुसऱ्या गावाला नुसत्या पायवाटा जात होत्या, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि थोरांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

डोंगरांच्या कुशीत एक खोरं होतं. तिथे सगुणा नावाची सुईण राहत होती. तिच्या हाताला असं यश होतं, की अडलेली बाई नुसता तिचा आवाज ऐकून धीर धरी. आडवं आलेलं मूल ती हलकेच फिरवी आणि सुखरूप बाहेर काढी. कुठल्याही वाडीवरून बोलावणं आलं की हातातला घास ताटात ठेवून ती निघे.

बारशाला तिच्यासाठी मानाचा पाट मांडत. नवं बाळ आधी तिच्या मांडीवर देत. लोक म्हणत, "सगुणाबाई आहे म्हणून या खोऱ्यात पाळणे हलतात." हे ऐकायला तिला आवडे. का आवडू नये? ते खरंच होतं.

तिचा नवरा केरबा घोंगड्या विणत असे. त्यांना एकच मुलगी, ठकू. केरबा मागावर बसला की ठकू शेजारी लोकरीच्या ढिगात खेळे. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, निजवणं केरबाच करी, आणि त्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही. मात्र सगुणा घरी आली की तो एकच गोष्ट सांगे: कुणाला तरी हाताशी घे, तुझी विद्या शिकव. शेजारची रंगू शिकायला तयार होती. तरणी विधवा, हात हलका आणि मन घट्ट. ती आपण होऊन विचारायलाही आली होती.

सगुणा दर वेळी नाही म्हणे. शिकाऊ बाईच्या हातून चूक झाली तर आई आणि मूल दोघंही जातील, असं ती सांगे. ते खोटं नव्हतं. पण मनाच्या तळाशी आणखी एक कारण होतं, ते तिने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आपल्यावाचून लोकांचं अडतं, हे सुख तिला सोडवत नव्हतं.

एका हिवाळ्यात ठकूला ताप भरला. त्याच सकाळी डोंगरमाथ्याच्या वाडीवरून माणूस आला. पहिलटकरीण अडली होती. सगुणा पोरीच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. तिचा पाय निघेना.

"तू जा," केरबा म्हणाला. "तिथे तुझ्याशिवाय कोणी नाही. इथे मी आहे."

ती गेली. ते बाळंतपण फार कठीण होतं, पण तिने आई आणि मूल दोघांनाही वाचवलं. ती परतली तेव्हा ठकूचा ताप उतरला होता. पोर घोंगडी पांघरून भिंतीला टेकून बसली होती. सगुणाने हातपाय धुतले, ती लेकीजवळ बसली आणि तिच्या केसांतून हात फिरवू लागली. ठकूने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बापाला हळूच विचारलं, "बा, आपल्या घरात कुणाला बाळ होणार आहे का?"

"नाही गं. का?"

"मग आई का आलीय?"

पोरीच्या बोलण्यात रुसवा नव्हता की राग नव्हता. जे ती पाहत आली होती, त्यावरून तिने विचारलं होतं. आई येते ती बाळासाठी, एवढंच तिला माहीत होतं.

सगुणा चुलीपाशी जाऊन बसली. ऊन कलेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग उठली आणि रंगूच्या दारात जाऊन म्हणाली, "उद्यापासून माझ्याबरोबर यायचं."

रंगू आधी नुसती पाहत असे. मग सगुणा आपल्या हातावर तिचा हात ठेवून घेऊ लागली, आणि पुढे तिच्या हातावर आपला ठेवू लागली.

असं वर्ष उलटलं. एके दिवशी ठकूचे कान टोचायचे होते. सोनार येऊन बसला होता. पोर घाबरली होती आणि आईची मांडी सोडत नव्हती. तेवढ्यात पाटलांच्या वाड्यावरून गडी आला. सूनबाईंना कळा सुरू झाल्या होत्या. सगुणाने रंगूला जायला सांगितलं. गडी अडून बसला. पाटलांना हे रुचणार नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

सगुणा म्हणाली, "पाटलांना सांगा, रंगूला मी शिकवलंय. तिच्याही हातून अडलं, तर मला न्यायला या, मी येईन. पण आज पहिलं बोलावणं माझ्या घरचं आहे."

तिने ठकूला घट्ट धरलं. कान टोचले, पोर रडली, आईच्या कुशीत शिरून निजली. सगुणाचं चित्त मात्र वाड्यावर होतं. दारात सावली हलली की ती मान वर करून पाही. पण न्यायला कोणी आलं नाही. दिवेलागणीला रंगू गूळ घेऊन आली. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. सगुणाला आनंद झाला, आणि आत कुठेतरी दुखलंही.

त्या बारशाला मानाचा पाट रंगूला मिळाला. सगुणा इतर बायकांत बसली होती, मांडीवर ठकूला घेऊन.

पुढे रंगूच्या हाताखाली आणखी बायका शिकल्या. सगुणाही बाळंतपणाला जात राहिली, पण निघण्याआधी कुठे चालले आणि कुणाकडे, हे लेकीला जवळ घेऊन सांगे. पायात काटा रुतला तरी ठकू हळूहळू आईला हाक मारू लागली.

पण जे गेलं होतं ते गेलंच. ठकूचा पहिला दात, पहिलं पाऊल, पहिला शब्द, हे सगळं सगुणाला केरबाच्या तोंडूनच कळलं होतं. म्हातारपणी ती त्याला ते पुन्हा पुन्हा सांगायला लावी आणि, परक्या गावची हकिकत ऐकावी तशी, मान खाली घालून ऐके.

तात्पर्य: कामासाठी दुसरे हात तयार करता येतात, लेकराचं बालपण मात्र दुसऱ्यांदा येत नाही.