शिव्यांची पाळ

पाहुणे, इथंच थांबा. तलावाची ही मातीची पाळ ओलांडू नका. श्रावण लागलाय, लव्हाळ्यात सारसांनी अंडी घातली आहेत. आत्ता पलीकडे पाय टाकाल तर येरणटोल्याची माणसं तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतील. जावई असो की फौजदार, सूट कुणालाच नाही. आणि त्या शिवीचा राग मानायचा नाही, असा इथला दंडक आहे.

हा दंडक भागरताने घातला, असे सांगतात.

भागरता गावची सुईण. पाळीला पडलेलं भगदाड बुजवताना तिचा नवरा पुरात गेला, तेव्हापासून ती पाळीलगतच खोपटं बांधून राहायची. त्या काळी गाव मालगुजाराचं, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराचं. एका श्रावणात त्याने दवंडी पिटवली: पाळ फोडा, पाणी सोडून द्या, तळाच्या गाळात धानाची रोवणी करा, दर घरामागे जमिनीचा एकेक तुकडा देतो. गाव हरखलं. कुदळी घेऊन निघालं. सगळ्यांच्या पुढे भागरताचा सख्खा दीर, झिबल.

भागरता पाळीवर आडवी झाली. तिच्या मागे लव्हाळ्यात सारसाची मादी अंड्यांवर बसलेली.

"भाऊजी, तुमचा भाऊ या मातीत गेला," ती म्हणाली. "माघारी जा."

"गेला तो गेला. आमाले धान पायजे," झिबल म्हणाला. "बाई अन् पाखरं, दोन्ही हाकला रे!"

मग भागरताचं तोंड सुटलं म्हणे. एकेकाचं नाव घेऊन ती बरसली. "सोनबा, तुही नाळ म्याच कापली ना रे? तवाच नरडं दाबाले पायजे होतं! तुह्या चुलीवर कुत्रं निजो!"

सुईणीचा शाप. चारदोघं मागे सरले. पण झिबलने दगड उचलला आणि तो तिच्या कपाळावर बसला. मग सगळेच मारू लागले. रक्त डोळ्यांत उतरलं. दगड मारणारे बहुतेक हात जन्मताना तिच्याच ओंजळीत आले होते. ते ओळखून तिला जास्तच चेव चढला. ती हलली नाही आणि तिचं तोंडही थांबलं नाही.

झिबलने पाळीवर कुदळ उगारली, तोच लव्हाळं फाटलं. माणसाएवढे उंच सारस, नर आणि मादी, पंख पसरून चालून आले. भागरताच्या दोन्ही अंगांना उभे राहून ते असे काही ओरडले, की झिबलच्या हातून कुदळ निसटली आणि त्याच्याच पायाची दोन बोटं घेऊन गेली. गाव पळालं.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. आसपासचे तलाव भेगाळले, येरणटोल्याचा टिकला. त्याच पाण्यावर गाव जगलं. तेव्हा लोक नारळ घेऊन खोपटापाशी आले. झिबल लंगडत पुढे झाला.

"माफ कर, वयनी."

"नाही करत," ती म्हणाली. "मेल्यावर बी नाही करणार. माही देवी करू नका. उद्या दुसरा कोणी कुदळ घेऊन येईन, तवा मी नसन. माह्या शिव्या तेवढ्या शिकून घ्या."

मरेपर्यंत तिने गावात कुणाच्या घरचं पाणी घेतलं नाही.

आजही इथे तिचं देऊळ नाही. श्रावणाच्या पहिल्या सकाळी गाव पाळीवर जमतं. झिबलच्या घराण्यातला थोरला पुरुष पुढे होतो आणि लेकराबाळांसमोर, मोठ्याने, आपल्याच पूर्वजाला पहिली शिवी देतो: "झिबल, तुह्या तोंडात माती पडो!"

कुणी हसत नाही.