सावलीतलं काम

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

सोनटक्क्यांनी पुन्हा तेच विचारलं.

गेनूबुवा पावट्याच्या शेंगा सोलत होते. त्यांनी हातातली शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले आणि टरफल बाजूला ठेवलं.

"बुवा, मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकतोय की."

"एक शब्द बोलल्या असत्या, तर मी ते झाड सोडून दिलं असतं."

बुवांनी दुसरी शेंग घेतली...

बोरमाळाच्या टेकडीवर गेनूबुवांची झोपडी आहे आणि झोपडीसमोर एक म्हातारं हिवराचं झाड. गावात त्या झाडाला चिंधोबा म्हणतात. मनात काही इच्छा असली की माणसं तिथं चिंधी बांधतात. इच्छा पुरी झाली की ज्यानं बांधली त्यानंच येऊन ती आपल्या हातानं सोडायची. मधे कुणी हात लावायचा नाही. एवढाच तिथला रिवाज. ना पुजारी, ना दानपेटी. म्हणून तर तो टिकला असेल.

सोनटक्के खालच्या गावात बियाण्यांच्या एका कंपनीचे मॅनेजर. बदलून आलेले, कामाला वाघ. टेकडीवर सहलीला येणाऱ्यांनी पिशव्या, बाटल्या आणि पत्रावळ्यांचा उकिरडा करून ठेवला होता. तो बघून त्यांनी एका रविवारी अख्खं ऑफिस टेकडीवर चढवलं. टोप्या, हातमोजे, पोती, फलक, सगळं चोख. अशा मोहिमेला निम्मे लोक फोटोपुरते येतात. सोनटक्के तसे नव्हते. त्यांनी स्वतः ओढ्यात उतरून घाण उपसली. म्हणूनच आता त्यांच्या जिवाला लागलं होतं. आळशी माणसाच्या हातून एवढं नुकसान होत नाही.

"ते झाड बाईंना कुणी दिलं?" बुवांनी विचारलं.

"मीच. कारंडेबाईंचे गुडघे दुखतात. म्हटलं, उन्हात कशाला, सावलीतलं काम देऊ."

"चांगलं केलंस."

"टोमणा मारू नका, बुवा."

"टोमणा न्हाई. चांगल्या मनानंच दिलंस की."

सोनटक्के मनगटावरचा दोरा फिरवत बसले. कधीकाळी तो लाल असावा. आता विटून मातकट झाला होता.

कारंडेबाई त्यांच्या ऑफिसात बियाण्याचा साठा बघायच्या. त्यांचा मुलगा संदेश दहावीत नापास झाला. बापानं हात उगारला आणि पोरगा घरातून गेला तो गेलाच. बाईंनी त्याच्या सदऱ्याची पट्टी फाडून चिंधोबाला बांधली. तेव्हापासून ऑफिस सुटलं की त्या आधी एसटी स्टँडवर जायच्या, पुण्याची गाडी रिकामी होईपर्यंत थांबायच्या आणि मग घरची वाट धरायच्या. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांना सांगायचं कुणाला सुचलं नाही आणि साहेबांनी कधी कुणाला विचारलं नाही.

"त्या दिवशी बाई काहीच म्हणाली न्हाई?"

"म्हणाल्या..." सोनटक्क्यांचा आवाज उतरला. "कात्री हातात घेतल्यावर म्हणाल्या, सगळंच काढायचं का साहेब?"

"आन् तू?"

"मी म्हणालो, सगळं. एक चिंधी दिसता कामा नये."

"मग?"

"'बरं साहेब' म्हणाल्या. आणि कापायला लागल्या."

बुवांनी ताटली थोडी पुढं सरकवली. त्यात उगीच हात फिरवला.

"आता त्या स्टँडवर जात नाहीत, बुवा. ऑफिस सुटलं की सरळ घरी. मला कळायचंही नाही, ऑफिसातल्या जाधवांनी सांगितलं म्हणून कळलं. त्यांनी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, माझ्याच हातानं कापली, आता कुणाची वाट बघायची..."

वाऱ्यानं हिवराच्या फांद्या हलल्या. झाड स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की ओळखू येत नव्हतं.

"तुम्हीही इथंच होतात," सोनटक्के एकदम म्हणाले.

"व्हतो."

"तुम्ही तरी थांबवायचं."

"तू म्हणालास, बुवा, जरा पोत्याचं तोंड धरा. धरलं."

"पण तुम्हाला माहीत होतं सगळं."

"व्हय..." बुवांनी झाडाकडं पाहिलं नाही. "माणसं जोमात असली की म्हाताऱ्याला वाटतं, आपलं कोण ऐकतंय. माझंबी चुकलं. त्या दिवसापास्नं तिकडं बघवत न्हाई."

सोनटक्के भांडायच्या तयारीनं बसले होते. पण जो आपणहून चुकलो म्हणतो, त्याच्याशी काय भांडायचं?

थोड्या वेळानं ते म्हणाले, "मी चूक निस्तरलीय, बुवा. त्यासाठीच आलोय. नगरपंचायतीच्या उकिरड्यावर गेलो. आपली पोती शोधून काढली. एकेक उलटं केलं. नाकाला रुमाल बांधून सगळ्या चिंध्या निवडल्या. सदऱ्याच्या कापडाची वाटावी अशी एकच होती. ती धुतली, इस्त्री केली आणि बाईंच्या घरी नेऊन दिली."

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, हीच ती, साहेब. तुमचे लई उपकार झाले." सोनटक्के क्षणभर खुलले. "पण बांधायला काही येत नाहीत. मी म्हटलं गाडीनं सोडतो, तरी नाही. तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. तुम्ही एकदा सांगा त्यांना."

"चिंधी कसली व्हती?"

"निळी. चौकड्याची."

बुवांचा हात शेंगेवर थांबला.

"काय झालं?"

"संदेशचा सदरा साळंचा व्हता," बुवा म्हणाले. "पांढरा. ती बांधत व्हती तवा फांदी मीच वाकवून धरली व्हती."

...

खालून कुठून तरी ट्रॅक्टरचा आवाज आला आणि वळणाआड गेला.

"मग त्या 'हीच ती' कशाला म्हणाल्या?"

बुवांनी ती शेंग न सोलताच ताटलीत ठेवली.

"म्हणजे त्या पुन्हा..."

सोनटक्क्यांनी वाक्य पुरं केलं नाही. 'बरं साहेब' आणि 'हीच ती, साहेब'. दोन्ही एकाच आवाजात आलेली उत्तरं होती आणि दोन्ही वेळा त्यांना बरं वाटलं होतं. दुसऱ्या खेपेला तर जरा जास्तच.

माणूस फार लाजला की चिडतो. सोनटक्केही चिडले.

"मी काय राक्षस आहे का, बुवा? माझ्या केबिनचं दार कायम उघडं असतं. कुणालाही विचारा. मी कधी कुणावर आवाज चढवत नाही. समोरचा माणूस तोंडच उघडत नसेल तर मला कळायचं कसं? मी त्यांच्या जागी असतो, तर तिथल्या तिथं सांगितलं असतं. साहेब, हे माझं आहे, याला हात लावायचा नाही. एवढंच तर बोलायचं होतं."

"बोलला असतास?"

"शंभर टक्के."

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. झोपडीत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात एक रिकामं पोतं आणि एक कात्री होती. दोन्ही त्या रविवारचीच, टेकडीवर राहून गेलेली.

त्यांनी कात्री सोनटक्क्यांपुढं धरली. सोनटक्क्यांनी ती घेतली.

बुवांनी दोन्ही हातांनी पोत्याचं तोंड उघडून धरलं.

"मनगटावरचा तो दोरा," ते म्हणाले.

"काय?"

"मळलाय. काप आन् टाक हितं. टेकडीवर घाण नको."

आवाजात राग नव्हता. कामं वाटून देणाऱ्या माणसाचा असतो, तसा सरळ आवाज होता.

सोनटक्क्यांनी दोऱ्याकडं पाहिलं. मग बुवांकडं.

"हाच?"

"व्हय. तोच."

सोनटक्क्यांचे ओठ जरा हलले... त्यांना वाटलं असेल, बुवांच्या मनात काही असेल. म्हातारा जाणता आहे, उगीच सांगणार नाही. आपण चुकलेलो आहोत, आता वर तोंड करून काय विचारायचं? असंच काहीसं वाटलं असेल.

त्यांनी कात्रीचं पातं दोऱ्याखाली सारलं. मनगटावरचा दोरा दुसऱ्या हातानं कापायचा, तसं काहीच अवघड नव्हतं. तरी वेळ लागला.

दोरा पोत्यात पडला. पडल्याचा आवाजही आला नाही.

सोनटक्के रिकाम्या मनगटावर अंगठा फिरवत उभे राहिले. तिथं कातडीवर एक फिकट रेघ उरली होती.

बुवांनी पोत्याचं तोंड मिटलं नाही.

"कुणी बांधला व्हता?"

"ताईनं." सोनटक्क्यांनी कात्री खाली ठेवली. "गेल्या राखीला... दिवाळीच्या आधी गेली ती. राखी सुटून पडली, दोरा तेवढा ठेवला होता."

...

बुवांनी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते.

"मग बोलला का न्हाईस?"