हत्तीचं न्हाणीघर

माणसाला साबण ठाऊक नव्हता, तेव्हाची गोष्ट. साळुंकी म्हशींच्या कानांतले गोचीड वेचायची. त्यावरच तिची पिल्लं जगायची. एकदा हत्तीने नदीकाठी भलंमोठं न्हाणीघर थाटलं. सोंडेच्या एका फवाऱ्यात अख्खा कळप चकाचक! म्हशी तिकडेच धावल्या आणि इकडे घरट्यात पिल्लं उपाशी ओरडू लागली.

साळुंकी तडक न्हाणीघरापाशी गेली. बघते तर काय, न्हालेल्या म्हशी झाडाला कान घासत उभ्या!

"पाण्याने गोचीड निघतात होय गं?" एक म्हैस कळवळली.

साळुंकी तिथेच दारात बसली. "आंघोळ आत, कान इथे!" लगेच रांग लागली.

तेवढ्यात हत्ती दणदणत आला. आता हाकलणार, म्हणून साळुंकीने पंख आवरले. हत्तीने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला.

"साळूताई, माझ्या कानामागे जरा बघतेस?"

"बघते की, हत्तीदादा. पण रांगेत या."