खोकला

“मग माझं नाव कुठे गेलं, चाचा? मिक्स माझं, रात्रंदिवसाची मेहनत माझी, आणि दापोलीच्या हॉटेलात लोक नाचले ते कुणाच्या नावावर?”

कासमचाचा मांडीवरच्या टेपरेकॉर्डरचं झाकण फडक्यानं पुसत होते.

चाचा म्हणजे बंदरावरचे जुने खलाशी. तीस वर्षं जहाजांवर काढली. घरी आले तेव्हा पेटी भरून कॅसेटी आणल्या. सगळं रेगे, दूरच्या बेटांवरचं ठेक्याचं संगीत, आणि त्याचंच दुसरं रूप असलेलं डब, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज मधूनमधून काढून घ्यायचा आणि ढोल, बेसचे खर्जातले सूर आणि घुमणारे पडसाद तेवढे ठेवायचे. बंदरावरच्या चार पोरांना या संगीताचं वेड लागलं ते चाचांच्याच खोलीत.

दिगंबर मयेकर त्यातला सगळ्यात तयार कानाचा. जेटीजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. चौघं मित्र आळीपाळीनं गाणी एकमेकांत गुंफून तासाभराचं मिक्स करायचे आणि बाकीच्या तिघांना द्यायचे. कुणी कुणाला कधी विचारलं नाही, की हे कुणाचं.

पण गेल्या महिन्यात त्या चौघांतल्या इलियासनं दिगंबरचं मिक्स दापोलीच्या चुलतभावाला दिलं. भावानं ते हॉटेलात वाजवलं. लोक बेभान नाचले, आणि हे कुणी केलं असं कुणीच विचारलं नाही.

तेव्हापासून दिगंबर आपल्या मिक्समध्ये दर दोन मिनिटांनी स्वतःचं नाव घालू लागला. घुमणाऱ्या, भारदस्त आवाजात. डीजे दिगंबर. आणि इलियासला द्यायचं त्यानं बंद केलं.

“सकाळी आला होता दुकानात,” दिगंबर म्हणाला. “म्हणतो, दिग्या, आज निघालो. नऊ महिने जहाजावर. एखादं मिक्स दे की सोबतीला.”

“मग?”

“म्हटलं, तुझ्या दापोलीच्या भावाकडून घे.”

“काय बोलला?”

“काही नाही. हसला… आणि गेला.”

चाचांचा हात फडक्यावर थांबला.

दिगंबरला ते थांबणं सोसेना. त्यानं घाईघाईनं खिशातून मोबाइल काढला. “ते जाऊ दे, चाचा. तुमच्यासाठी एक गोष्ट आणलीय. तुमची ती जुनी कॅसेट नेली होती ना मी? साफ केली. आठ दिवस बसलो होतो. ऐका तर खरं.”

ही कॅसेट चाचांची सगळ्यात लाडकी. एका परक्या बंदरात कुणा अनोळखी माणसानं दिलेली. त्या काळी जहाजावर कॅसेटची नक्कल करायची एकच रीत होती. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, एक वाजवायचा आणि दुसऱ्यानं ते ऐकून भरून घ्यायचं. अशा किती नकला होत होत ती कॅसेट चाचांकडे आली होती, आणि चाचांनीही घरी तिची एक नक्कल केली होती. तीच ही.

दिगंबरनं मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला.

बेस घुमला. ढोल आले. सगळं काचेसारखं स्वच्छ. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मध्येच दिगंबरचा आवाज घुमला, डीजे दिगंबर, तेव्हाही त्यांची पापणी हलली नाही.

अर्धा तास झाला. संगीत संपलं.

“कसं वाटलं?” दिगंबरनं विचारलं. शाबासकी ऐकायला त्याचे कान आसुसले होते.

“शकीला कुठे गेली?”

“कोण?”

“माझी बायको.”

दिगंबरला काही उमगेना. शकीलाचाची जाऊन अकरा वर्षं झाली होती.

“नक्कल करत होतो तेव्हा ती इथेच सुकट निवडत बसली होती,” चाचा म्हणाले. “म्हटलं, अर्धा तास गप्प बस. बसली. पण हातातल्या बांगड्या कुठे गप्प बसतात? आणि शेवटी शेवटी खोकली. मी तेव्हा किती ओरडलो तिच्यावर… कॅसेट नासवलीस म्हणून.”

तो खोकला दिगंबरला आठवत होता. दोनदा आला होता. तो काढायला त्याला अख्खी एक दुपार लागली होती.

“त्याच्या आधीच्या नकलांमधलं जहाजाचं इंजिन होतं त्यात,” चाचा म्हणाले. “कुणीतरी शिंकायचा. कुणीतरी दूर हातोडा मारत असायचा. ही माणसं मी कधी पाहिली नाहीत. पण मला ठाऊक होती.”

“मला वाटलं ती खराबी आहे, चाचा.” मग जरा सावरून तो म्हणाला, “आणि डबमध्येसुद्धा आवाज काढूनच टाकतात ना? मी तेच केलं.”

“काढतात. पण गेलेल्याची जागा रिकामी ठेवतात.” चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. “तू जागाही बुजवलीस. आणि तिथे स्वतः जाऊन बसलास.”

…

दिगंबरनं पिशवीतून मूळ कॅसेट काढली आणि दोन्ही हातांनी चाचांपुढे धरली. “ही जशीच्या तशी आहे. हिला मी काही केलेलं नाही. शपथ.”

चाचांनी ती घेतली, टेपरेकॉर्डरमध्ये घातली, पुढे पळवली आणि एका ठिकाणी थांबवून बटण दाबलं.

खरखर. बेस. बांगड्यांची किणकिण. मग एक खोकला. आणि त्याच्या मागोमाग, दाबून धरलेला, दुसरा.

चाचांनी बटण बंद केलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बर्फाच्या कारखान्यातलं यंत्र घरघरत होतं.

“इलियासची गाडी किती वाजता?”

“चार.”

“आता किती झाले?”

“पावणेतीन.”

“काय देणार त्याला?”

दिगंबरनं मान खाली घातली. “हेच देतो. माझं नाव काढून.”

चाचांनी कॅसेट पहिल्यापासून लावली. मग दिगंबरचा मोबाइल उचलून टेपरेकॉर्डरच्या समोर, वीतभर अंतरावर ठेवला.

“यात भर.”

“असं? चाचा, असं केलं तर खोलीतलं सगळं येईल त्यात. पंखा, तो कारखाना…”

“येऊ दे.”

“आणि मी काय करू?”

“बस.”

दिगंबरनं मोबाइलची घंटी बंद केली. टेपचं बटण दाबलं गेलं आणि दोघं जमिनीवर समोरासमोर बसले. चाचांनी ओठांवर बोट ठेवलं.

अर्धा तास. पंखा कुरकुरला. कुणाची तरी कोंबडी दारात येऊन गेली. टेपमधलं इंजिन आणि बाहेरचं यंत्र एकमेकांत मिसळून गेलं. दिगंबरनं आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खी बाजू हात न लावता ऐकली. आवाज वाढवावा असं वाटलं, कमी करावा असं वाटलं. त्यानं हात मांडीखाली दाबून धरले.

मग बांगड्या आल्या. खोकला आला.

दिगंबरला एकाएकी सकाळचा इलियास दिसला. तो हसलेला. पाठमोरा. पाठीला बॅगही नव्हती अजून, फक्त निरोप घ्यायला आला होता. दिगंबरनं श्वास रोखला, ओठ आवळले, पण आवरेना. एक हुंदका सुटलाच, आणि मग नाक ओढल्याचा मोठा आवाज झाला.

त्यानं घाबरून चाचांकडे पाहिलं. चाचा हलले नाहीत.

कॅसेट संपली. बटण खटकन वर आलं. दिगंबरनं मोबाइल हातात घेतला. सव्वातीन वाजून गेले होते. एसटी स्टँड धावत गेलं तर दहा मिनिटांवर.

“चाचा, शेवटी माझा आवाज आला त्यात… सगळी वाट लावली. तेवढा काढून टाकू? पटकन होईल.”

“नको,” चाचा म्हणाले. “इलियास ओळखेल.”